सोबतीची खुर्ची

मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेत पास झालो, पण ते झालंच नाही असं धरून चालू. मागच्या खुर्चीत ताई बसली होती आणि परीक्षक तिच्याकडेच संशयानं बघत होते. “ह्या उत्तरं पुरवणार?” “नाही सर, ती केस कापते. गेल्या वेळी एकटा आलो, तर बोबडी वळून नापास झालो. म्हणून ती नुसती बसते.” “नुसतं कुणी बसत नसतं! बरं, पेशीत निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाला तुमच्या प्रबंधातलं हे सोबती प्रथिन काय पुरवतं?” “काहीच नाही. निरोप्याची घडी बसेपर्यंत नुसतं धरून ठेवतं, नाहीतर त्याचा गोळा होतो. घडी बसली की सोडून देतं.” “सोडतं? कशावरून?” मी सवयीनं मागे वळलो. खुर्ची रिकामी. ताई कधीच सटकली होती. सबब, माझा निकाल रद्द करून ताईस पूर्ववत खुर्चीत बसवावे, ही नम्र विनंती.