आठवणीतलं घर

आणीबाणी लागली. श्रीपादराव मेढेकर ज्या साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे ते बंद पडलं, संपादक तुरुंगात गेले. तेवढ्यात मोंबासाला जाणाऱ्या जहाजावर प्रवाशांना चित्रकला शिकवायचं काम चालून आलं आणि त्यांनी लगेच होकार दिला. समुद्रावर तरी दार वाजवायला कोणी येणार नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "आठवणीतलं एखादं घर काढा."

स्वतःला कापडाचे व्यापारी म्हणवणाऱ्या देसाईंचं चित्र सगळ्यांत आधी झालं. श्रीपादरावांनी ते हातात घेतलं. ते त्यांचंच चिंचवडचं घर होतं. गॅलरीचा वाकलेला गजसुद्धा सुटला नव्हता.

"हे कुठं पाहिलंत?"

"महिनाभर समोरच्या पिठाच्या गिरणीत बसून होतो, सर," देसाई नम्रपणे म्हणाले.

"आणि दाराला हे कुलूप? माझी बायको घरीच असते."

"तुम्ही बंदराकडे निघालात त्यानंतर तासाभरात मृदुलावहिनींना चौकशीला नेलं. कुलूप आम्हीच लावलं." देसाई पेन्सिलीला टोक करू लागले. "मोंबासाला तुम्हाला कोणी अडवणार नाही, सर. उतरायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

शेजारच्या बाई आपलं चित्र दाखवायला केव्हाच्या उभ्या होत्या. श्रीपादरावांनी ते पाहिलं, छपराची एक रेघ सुधारून दिली, आणि मग देसाईंकडे न बघताच विचारलं,

"परतीचं जहाज कधी आहे?"