दुसरी ओळ

मुलाखतीला आलेल्या तिसऱ्या मुलीनेही फळ्यावर कोडची एक ओळ लिहून हात टेकले, तसं खांबेटे सरांचं डोकं फिरलं.

“अगं, साधी यादी उलटी करायचीय! एआयकडून आयतं गिळायची सवय लागली की हे असं होतं. आम्ही झोपेत लिहायचो हे!” त्यांनी तिच्या हातातला मार्कर हिसकावलाच.

पहिली ओळ झरझर उतरली. मग मार्कर अडला. गेली दोन वर्षं ऑफिसात ते पहिली ओळ तेवढी टाइप करत. पुढच्या ओळी एआयच करड्या अक्षरांत सुचवायचं आणि सर टॅबची कळ दाबून त्या स्वीकारून मोकळे व्हायचे.

पहिल्या ओळीखालचा फळा पांढराच राहिला. सरांच्या डाव्या हाताची करंगळी पँटवरच टॅब शोधत होती.

“सर,” ती हळूच म्हणाली, “मीपण त्या करड्या अक्षरांचीच वाट बघत होते.”