सोमवारची नळी

संशोधन केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "काका, काकूंचं हार्मोन सहा आठवडे अगदी जागेवर आहे! आमच्या नव्या औषधाला पहिलं यश आलं ते तुमच्या घरी. आता तरी हसा की जरा!"

दर सोमवारी सकाळी केंद्राचा माणूस येतो आणि हिच्या लाळेची नळी तपासायला घेऊन जातो. हिचं नाव लिहिलेल्या नळ्यांचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. सहा आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी तो दारात उभा राहिला तेव्हा माझ्याने सांगवलं नाही. मी आत गेलो, एका नळीत थुंकलो आणि ती त्याच्या हातात दिली. पुढच्या प्रत्येक सोमवारीही तेच केलं.

"काका, ऐकताय ना? उद्यापासून हे औषध आणखी चाळीस जणांना सुरू करतोय."

"हिचं कसं आहे म्हणालात? पुन्हा एकदा सांगा."

"अहो, काकू बऱ्या झाल्यात!"

मी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणालो, "बाई, उद्या कोणाला औषध देऊ नका. ती लाळ माझी आहे. हिला जाऊन सहा आठवडे झाले."