स्वार्थ नसलेलं मत

एआय धोक्याचं की नाही, याबाबत कोणाचं ऐकायचं, यावर आमच्या छापखान्यात आठवडाभर खल चालला होता. बावीस वर्षं औषधांच्या माहितीपत्रकांची प्रुफं तपासून मला चुका काढायची खोडच लागलेली. मी एकेकाला निकालात काढत गेलो.

"एआय विकणारा 'घाबरू नका' म्हणणारच, आणि भीतीवर भाषणं देत फिरणारा 'घाबरा' म्हणणारच. दोघंही आपल्याच पोळीवर तूप ओढणारे! ज्याचा काडीचा स्वार्थ नाही, त्याचंच मत धरायचं."

"वा, शास्त्रीबुवा! लाखमोलाचं बोललात," साहेब म्हणाले.

घरी जाऊन मी हे बायकोला दोनदा ऐकवलं.

"म्हणजे आता साहेब तुम्हाला विचारूनच सगळं ठरवणार म्हणा की!"

"न विचारून सांगतात कोणाला?"

सोमवारी, प्रुफं तपासायचं काम एआयकडे द्यायचं का, हे ठरवायला बैठक बोलावली. प्रुफांत मी पकडलेल्या चुकीच्या डोसांची बावीस वर्षांची यादी काखोटीला मारून मी दाराशी पोचलो, तर साहेबांनी मला बाहेरच थांबवलं.



"तुम्ही आत नको, शास्त्रीबुवा. तुमची तर नोकरीच पणाला लागलीय, तुमचं मत कसं धरायचं?"