अडुसष्ट नंबर

गुरवीरने गाडीतून तेलाचे तीन डबे उतरवले आणि सासऱ्याच्या जेसीबीपाशी ओळीने मांडले. प्रत्येक डब्याच्या कडीला त्याच्या आईने लाल रिबीन बांधली होती. कोर्टातल्या लग्नाला सासरा अंगरूप केलाँगच्या पहाडातून खाली उतरलाच नव्हता. काल संध्याकाळी लेक-जावई पहिल्यांदा दारात आले, तेव्हाही "या" एवढंच म्हणून तो चुलीपाशी जाऊन बसला. नंतर जे काही बोलला ते मुलीशीच.

"पापाजी, हायड्रॉलिकचं तेल आहे. आमच्या दुकानातलं सगळ्यात भारी. लुधियान्यात सगळे हेच घालतात."

अंगरूपने डबा फिरवून आकडा वाचला. "अडुसष्ट नंबर," तो म्हणाला.

पातळ जाकिटात गुरवीर कुडकुडत होता. हे तेल यंत्रात गेलं म्हणजे आपण या घरात आलो, असं त्याने वाटभर मनाशी ठरवून टाकलं होतं. वेडाच म्हणायचा, पण नवा जावई याहून शहाणा कुठे असतो!

अंगरूपने शेडमधून आपला डबा आणला. त्यावर बत्तीस लिहिलं होतं. डबा तिरका करताच तेल सुळकन वाटीत उतरलं. मग त्याने गुरवीरचा डबा उघडला. रात्रभर गाडीत गारठलेलं ते तेल काकवीसारखं लोंबत राहिलं, खाली पडायचं नावच घेईना.

"हे घातलं की पंप रडायला लागेल. बकेट जागची हलायची नाही," अंगरूप म्हणाला. "इथल्या थंडीत पातळच लागतं."

गुरवीर तेलाच्या दुकानातच लहानाचा मोठा झाला होता. आकडा जितका मोठा तितकं तेल दाट, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सासऱ्याला सगळ्यात भारी तेच द्यायचं, या नादात आपण कुठे निघालोय हेच तो विसरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्याने दोन डबे उचलले.

"अहो, पोराने एवढ्या लांबून आणलंय," दारातून सासू डोलकर म्हणाली. "जरा गोड बोललात तर जीभ झिजेल का?"

"खोटं काय बोललो? आणि तू रे, कुठे निघालास?"

"परत नेतो, पापाजी. पुढच्या खेपेला बरोबर आणीन."

"दिलेलं परत नेतात होय तुमच्याकडे?" अंगरूपने त्याच्या हातून डबे काढून घेतले आणि शेडमध्ये आपल्या डब्यांशेजारी भिंतीला लावून ठेवले. रिबिनी तशाच राहू दिल्या. "तेल चांगलं आहे. जूनमध्ये भर उन्हात दिवसभर दगड उपसायचे असतात. तेव्हा माझ्या तेलाचं पाणी होतं. तेव्हा हेच लागेल."

"मग तोवर ठेवा."

"ठेवलंच की. पण ओतायला तू यायचंस. आणि माझ्या लेकीला घेऊन ये. एकटा आलास तर दार उघडणार नाही."

गुरवीरला खूप काही बोलायचं होतं, पण थंडीने जबडाच हलेना. अंगरूपने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कालपासून पहिल्यांदाच हसला.

"अगं, माझा लोकरी कोट आण लवकर," त्याने डोलकरला हाक मारली. "हाही अडुसष्ट नंबरच निघाला."