फाशांना रागावण्याचा तास

“दोन फासे टाकून एकूण तीन? लाज नाही वाटत?” सर गरजले.

फासे टाकणारी मुलगी हसू दाबत उभी राहिली. वर्ग बाकं बडवत होता. सर आज पाहुणे होते. तास नव्या मॅडमचा होता. “संभाव्यता शिकवतेय, सर. एक रागावणारं माणूस हवंय, आणि तुमच्या तोडीचं या शाळेत कुणी नाही,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा सर हातातली पेपरतपासणी अर्धी टाकून उठले होते. मुलं त्यांना तोफ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

खेळ सोपा होता. प्रत्येकाने दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढे गुण. सगळ्यात कमी गुणांची पाच जणं खिडकीशी, सगळ्यात जास्तवाली पाच दाराशी. खिडकीवाल्यांना सरांनी झापायचं, दारवाल्यांची मॅडमनी पाठ थोपटायची. मग पुन्हा फासे.

सरांनी मनापासून झापलं. खानदानाचा उद्धार केला, “आईबाप फी कशाला भरतात” इथपर्यंत गेले. मॅडम नुसतं “वा, छान” म्हणाल्या. फासे पडले. झापलेल्यांपैकी चौघं वर गेली. शाबासकीवाली पाचही खाली आली.

“सर, फासेसुद्धा तुम्हाला टरकतात!” मागच्या बाकावरून आवाज आला.

सर प्रसन्न झाले. अख्खी नोकरी ते हेच सांगत आले होते. कमी गुणांवर झापलं की पोरगं पुढच्या चाचणीत सुधारतं. जास्त गुणांवर कौतुक केलं की घसरतं. हे त्यांचं मत नव्हतं, अनुभव होता. घरीही त्यांनी तोच वापरला. मुलगी चौथीत असताना तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. सरांनी तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं. पुढच्या परीक्षेत ब्याऐंशी पडले. त्यानंतर बापाच्या तोंडून तिला कौतुकाचा एक शब्द मिळाला नाही. आता ती दूरच्या शहरात पूल बांधत होती. परवा तिचा फोन आला होता. तिने आखलेला पहिला पूल वाहतुकीला खुला झाला होता. “आधी टिकतो का बघ,” सर म्हणाले. “बरं, बाबा,” म्हणून तिने फोन ठेवला.

“आता उलट करू,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा नवे पाच-पाच काढा. सर, या वेळी जास्तवाल्यांना झापा. कमीवाल्यांचं कौतुक मी करते.”

सर बाह्या सारून सरसावले. फासे पडले. कौतुक झालेली वर गेली, झापलेली खाली आली.



“असं कसं?” पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. “म्हणजे काहीही बोललं तरी तेच?”

“गप्प बसलं तरी तेच. एकदा फारच कमी पडलं, की पुढचं दान बहुधा वरचं असणार. फार जास्त पडलं, की बहुधा खालचं. फाशाला कान नसतात.”

“पण आम्हाला आहेत ना, मॅडम. आणि आम्ही अभ्यास करतो.”

“तू? कधी?” कुणीतरी विचारलं.

“अभ्यास असतोच,” मॅडम म्हणाल्या. “पण चाचणीत थोडं नशीबही असतं. झोप झाली होती का, येतो तोच धडा आला का. तेवढा भाग फाशासारखाच वागतो. श्रेय मात्र मध्ये जो बोलला तो घेतो.”

वर्गाने हळूच तोफेकडे पाहिलं. तोफ खिडकीबाहेर पाहत होती.

सरांना कळायला वेळ लागला नाही, हेच त्यांचं दुर्दैव. इतिहासाचा मास्तर असता तर वाद घालत बसला असता. सर गणिताचे, त्यांना सिद्धता दिसत होती. पैकीच्या पैकीनंतर वर जायला जागाच नव्हती. खाली यायला बापाच्या खांद्याची गरज नव्हती. इतकी वर्षं घसा फुकट फोडला, ते एक वेळ चालेल, घसा आपलाच होता. पण तिच्या वाटणीचं कौतुक राखून ठेवलं, आणि त्याने तिचा अर्धा गुणही वाढला नव्हता.

मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेमागच्या जिन्यात गेले आणि फोन लावला.

“बाबा? तुम्ही? या वेळी?”

“तो पूल,” सर म्हणाले. “फार छान केलास. शाबास.”



“बाबा, काय झालंय?”

“काही नाही गं. तू पहिल्यापासूनच हुशार होतीस. सांगायचं राहून गेलं.”

“आई बरी आहे ना?” तिचा आवाज चिरकला. “मग तुम्हाला काही झालंय का? खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले? मी निघते. आत्ता निघते.”

“अगं, कुठले डॉक्टर? मी ठणठणीत आहे. कौतुक करायला फोन केला.”

“माझ्यापासून लपवू नका, बाबा!” मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती कुणाला तरी गाडी काढायला सांगत होती.

सरांनी पुन्हा समजावलं. पुन्हा शाबास म्हणाले, तशी ती हुंदके द्यायला लागली.

सर भिंतीला टेकले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“गाढव आहेस!” ते कडाडले. “एक वाक्य धड ऐकून घेता येत नाही? असल्या डोक्याने पूल बांधतेस? रडणं बंद कर आणि कामाला लाग!”

हुंदके थांबले.

“हुश्श,” ती म्हणाली. “केवढं घाबरवलंत, बाबा. ठेवू मग?”

“ठेव.”

अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या ओरडण्याचा खरोखर उपयोग झाला होता.