तिकिटाची घडी

घामाने चिकटलेला शर्ट. कोडाईकनालची थंडी. धडधडत जाणारी गाडी. घडी घातलेलं बसचं तिकीट.

चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या त्या कारखान्यात परदेशी पाठवायचे रॉकेलवर जळणारे वातीचे हीटर बनत. हीटर कलंडला, हादरला की आतला खटका सुटायचा, वात खाली जायची आणि आग विझायची. पण शेजारच्या रुळांवरून गाडी गेली की चाचणीला पेटवलेले सगळेच हीटर विझत. म्हणून चाचणी करणारा हरिप्रसाद खटक्यात तिकिटाची घडी खोचायचा आणि चाचणी संपली की आठवणीने काढायचा.

“आगगाडीला हरवलंत, सार!” मॅनेजर खूश झाले होते.

जेवणाच्या सुट्टीत त्याने कोडाईकनालला नोकरी करणाऱ्या मुलीचा, हरिणीचा, सकाळचा व्हॉइस मेसेज ऐकला. “अप्पा, तुमचा हीटर सूपर! शेजारच्या आंटीचा नुसतं दार आपटलं तरी विझतो. आपला काल मांजरीनं उलथवला, तरी जळतच होता!”

त्याने उभ्या उभ्या तिला फोन लावला. उचलला आंटीने. “हरिणीचे अप्पा का?” एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

तिकिटाच्या युक्तीचं बक्षीस म्हणून पोंगलला कंपनीने तो हीटर चाचणीच्या टेबलावरूनच उचलून त्याला दिला होता.